तिसरी नळी

१

डिझेल गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नसेल, तर दोष शोधायची रीत अगदी सोपी आहे. इंजिन चालू ठेवायचं. पंपापासून प्रत्येक सिलिंडरकडे एकेक बारीक लोखंडी नळी जाते, तिच्या टोकाचा नट पान्याने थोडा ढिला करायचा. तेल बाहेर सांडतं, त्या सिलिंडरला मिळत नाही. सिलिंडर चालता असेल तर इंजिनाचा आवाज लगेच पडतो, सगळी गाडी थरथरते. मग नट घट्ट करायचा आणि पुढच्या नळीकडे जायचं. एखादी नळी ढिली करूनही आवाजात काहीच फरक पडला नाही, की समजायचं, हाच तो. हा अगोदरपासूनच मेलेला आहे.

लढाईच्या दिवसांत मी फौजेच्या वर्कशॉपात होतो, तिथे हे शिकलो. नंतर अमरावतीत बडनेरा रोडला निंबाच्या झाडाखाली टिनाचं शेड टाकलं. माझं नाव देवमन, पण मला सगळे मिस्त्रीच म्हणतात. छप्पन साली आम्ही दोघं नवरा-बायको नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. तेव्हापासून घरात देव नाही, मग भूत कुठून असणार? ड्रायव्हर लोक गाडीला लिंबू-मिरची बांधून आणायचे तेव्हा मी आधी ती तोडून फेकायचो आणि मग बॉनेट उघडायचो.

बासष्ट सालचा मे महिना होता. सकाळी आठलाच टिन तापलं होतं. शेषराव ड्रायव्हर गाडी घेऊन आला. गाडी चांदूर रेल्वेच्या खुशालराव मालकांची. पन्नास-एक्कावन्न सालातली, सहा सिलिंडरची, कापसाच्या गठाणी आणि उन्हाळ्यात चिखलदऱ्याकडची लाकडं वाहणारी. शेषराव पन्नाशीचा, उंच, आणि बोलका तर इतका की त्याला ओळखणारे लोक रस्ता बदलून जायचे.

"दोन वर्सं झाले मिस्त्री, मिसिंग मारूनच राहिली. तीन गॅरेज झाले. मालक म्हन्ते, घाटात चढत नाई."

"बसा कॅबिनमध्ये. इंजिन चालू ठेवा, पाय हलकाच दाबून."

तो बसला, आणि बोलायला लागला. परतवाड्याला त्याने एक कोंबडी विकत घेतली होती, ती घरी येईपर्यंत कॅबिनमध्येच अंडं घालून मोकळी झाली, अशी ती गोष्ट होती. मी पाना घेऊन वाकलो. पहिली नळी ढिली केली, आवाज पडला. घट्ट केली. दुसरी, तसंच. शेषराव इंजिनाच्या वरताण ओरडत होता, "कोंबडी मोठी हुशार मिस्त्री, म्या हॉर्न वाजवला का थे—"

तिसरी ढिली केली. इंजिनाचा आवाज होता तसाच राहिला.

सापडला, मी मनात म्हटलं. पण काहीतरी बदललं होतं, आणि काय ते मला लगेच कळेना. इंजिन तेच, तोच खडखडाट. मग लक्षात आलं की शेषरावचा आवाज बंद झाला आहे. मी बॉनेटच्या बाजूने वर पाहिलं. तोंड अर्धं उघडं, उजवा हात हॉर्न दाबल्यासारखा हवेत. मला वाटलं, इंजिन ऐकतो आहे.

मी नट घट्ट केला.

"—डोये लावून घे," शेषराव म्हणाला, आणि हसला.

२

तिसऱ्याचं नोझल, म्हणजे नळीतलं तेल सिलिंडरात फवारणारं तोंड, काढलं. टेस्टरवर लावून पाहिलं तर तेलाची फवार धुक्यासारखी, एक थेंब गळत नव्हता. तरी खात्री म्हणून ते पाचव्याला लावलं आणि पाचव्याचं तिसऱ्याला. पाचवा उत्तम चालला, तिसरा मेलेलाच. नळी बदलली. पंपाचं तेल बरोबर येत होतं. झडपांचे टॅपेट बरोबर. कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, तर बाकीच्या पाचांपेक्षा चांगलं.

हे सगळं करायला दोन-अडीच तास गेले. तितका वेळ शेषराव निंबाखालच्या बाजेवर झोपलेला होता. मी नोझल काढलं तेव्हा तो बाजेवर बसून, माझ्या हातातल्या पान्याकडे बघत, मला सुपारी मागत होता. मी नोझल घेऊन टेबलाकडे वळलो, आणि परत पाहिलं तर आडवा. मला बरंच वाटलं, तेवढीच शांतता. नंतर मी तिसऱ्याचं मूळ नोझल आणि मूळ नळी परत जागेवर बसवली, नट आवळला, आणि मागून आवाज आला, "असन का एखादं खांड?"

सुपारीचं खांड. अडीच तासांपूर्वी मागितलेलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर झोपेचा मागमूस नव्हता. डोळे चिकटलेले नव्हते, आवाज बसलेला नव्हता. ऊन बाजेवर आलं होतं आणि एक गाल लालबुंद झाला होता, पण त्याने तो साधा पुसलाही नाही.

"झोपले होते ना?" मी विचारलं.

"कोन? मी?" तो म्हणाला. "दिवसा मले झोपच येत नाई बावा."

३

दुपारी पंचफुला, माझी बायको, भाकरी घेऊन आली. आमचं घर शेडच्या मागेच, दोन खोल्यांचं. मी तिला बाजूला घेतलं.

"तू कॅबिनच्या दाराशी उभी राह्य. त्याले पानी दे. आनं मी काम करत असताना त्याच्या तोंडाकडं पाह्य."

"काहून?"

"पाह्य तं."

फौजेत आमच्या तुकडीत एक शिपाई होता, तो बोलता बोलता मधेच गोठायचा आणि घटकाभराने पुन्हा सुरू व्हायचा. डॉक्टरने सांगितलं होतं, मिरगीचा एक प्रकार आहे. तेच असणार, मी स्वतःला समजावलं. योगायोगाने माझा पाना तेव्हाच फिरला असेल. म्हणून यावेळी मी क्रम मोडला. आधी पाचवी नळी, मग पहिली, मग पुन्हा पाचवी, मग सहावी. बॉनेट असं ठेवलं की शेषरावला माझा हात दिसणार नाही. तो बिडी ओढत पंचफुलाला घाटातल्या अस्वलाची हकीकत सांगत होता. चार वेळा नट ढिला केला तरी त्याचं बोलणं अखंड चालू होतं. मग मी तिसरी ढिली केली आणि वीस आकडे मोजले. घट्ट केली. अशी एकंदर सात वेळा मी तिसऱ्यावर आलो.

इंजिन बंद केलं तेव्हा पंचफुला माझ्याजवळ आली. तिने पाण्याचा तांब्या पोटाशी धरला होता.

"सात डाव थांबला," ती म्हणाली. "डोया नाई लवला त्याचा. ओठावर माशी बसली होती. तोंडात जाऊन आली, अवो. बिडी बोटापर्यंत जयली, चामडीचा वास आला, तरी बोट हाललं नाई."

"मिरगी असन."

"असन," ती म्हणाली. पण मिरगीला नळीचा नंबर कसा कळतो? ती तिथून सरळ घरात गेली, आणि त्या दिवशी पुन्हा शेडकडे आली नाही.

मी शेषरावला विचारलं, "भाऊ, तुमी बोलता बोलता मधीच काहून थांबता?"

"मी? आन् थांबतो?" त्याला मोठी गंमत वाटली. "घरी गेल्यावर बायकोले सांगतो. म्हनाव, आज एक मानूस भेटला, त्याले मी थांबलेलो दिसलो." मग बोटाकडे लक्ष गेलं. "हे कवा भाजलं बाप्पा?"

४

संध्याकाळच्या गाडीने शेषराव चांदूरला घरी गेला. ट्रक माझ्याकडे राहिला. उजेड होता तोवर मी तो उलटसुलट तपासत होतो, आणि एक साधी गोष्ट मला सतावत होती.

तिसऱ्या सिलिंडरला तेल जात होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं, नट ढिला केला की पिचकारी उडत होती. आता, सिलिंडरमध्ये गेलेलं तेल पेटलं नाही तर ते कुठेतरी निघायला हवं. सायलेन्सरमधून पांढरा धूर यायला हवा. धूर नव्हता. नाहीतर ते खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करतं. मी ऑइल बोटांवर घेऊन चोळलं, वास घेतला. घट्ट, स्वच्छ. नोझलच्या भोकातून बारीक तार घालून पिस्टनवर फिरवली, तार कोरडी निघाली. काजळीही नव्हती. दोन वर्षं त्या भोकात रोज तेल ओतलं जात होतं आणि आत टिपूसभर ओल नव्हती.

मग तेल जात कुठे होतं?

मी पाने आवरले. ट्रककडे पाठ करून घरात जाताना मला वाटलं की आपण उगीच भरभर चालतो आहोत, म्हणून मुद्दाम हळू चाललो.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास एक बाई रस्त्याने पायी आली. बडनेरा स्टेशनपासून चालत आली असावी. लुगड्याचा काठ धुळीने माखला होता. "शेषराव ड्रायव्हरची गाडी इथंच हाये का?" तिने विचारलं. ती त्याची बायको, मैनाबाई.

पंचफुलाने तिला घरात नेलं, पाणी दिलं. त्या काळी त्यांच्या जातीचं माणूस आमच्या घरी पाणी पिताना एकदा तरी थांबायचं. मैनाबाई थांबली नाही. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"हे काल घरी आले तं हसून राहिले होते," ती म्हणाली. "म्हने मिस्त्रीनं इचारलं, मधीच काहून थांबता. मिस्त्रीभाऊ, आजवर कोनाच्या ध्यानात नाई आलं. तुमाले दिसलं."

"तुमाले ठाव हाये?"

"दोन वर्सं झाले." ती लुगड्याच्या पदराला गाठ मारत होती, सोडत होती. "मालकानं एकडाव गाडी परस्पर गॅरेजले पाठवली. हे घरी जेवून राहिले होते. घास उचलला आनं तसाच हात राह्यला. मी हाका मारल्या, हालवलं, पाठीत बुक्क्या मारल्या. दुपारचे बारा ते दिवस मावयेपर्यंत तसेच बसले. घास वायून गेला हातात. आनं मंग तोंडात घातला आनं म्हनले, भाजीत मीठ कमी हाये."

पंचफुला भिंतीला टेकली.

"तवा मले समजलं नाई. दुसऱ्या डावात समजलं. गाडी खोलली का हे बंद. तिसऱ्या डावात मी गॅरेजवाल्याच्या पाया पडलो, म्हटलं लौकर जोडा. त्याले वाटलं, गाडीशिवाय आमची चूल पेटत नाई."

"शेषरावले सांगतलं?"

"नाई! तुमीबी सांगू नोका." ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "त्या मानसाले काय सांगू? तो इतका बोलते, इतका हासते. मिस्त्रीभाऊ, मले दुसरं काई नाई पायजे. गाडी हाये तशी खराब राहू द्या. नीट करू नोका. पाचावर चालते ना? चालू द्या पाचावर."

मला हे सगळं झटकून टाकता आलं असतं. बाईचा भ्रम, असं म्हणता आलं असतं. पण काल सात वेळा पाना माझ्याच हातात होता, आणि तिसऱ्याचं तेल कुठे जातं, ते आता मला कळलं होतं.

"नाई करत," मी म्हणालो. "माझ्या हातानं नाई होनार."

६

खुशालराव मालक दुपारी जीपने आले. सोबत शेषरावही होता. मैनाबाई आत पंचफुलाजवळच बसून राहिली.

"झाली का?"

"नाई मालक. दोष सापडत नाई. पाचावर चांगली चालून राहिली, तशीच चालवा."

"पाचावर?" खुशालराव म्हणाले. "अबे, सहा पायाचा बैल घेतला म्या, पाचावर काहून चालवू? घाटात माल अडकून पडते. तुले येत नसन तं तसं सांग."

मी शेषरावकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता, मालकाचा राग मनावर घेऊ नका, अशा अर्थाने.

"मालक, ऐका माझं. हे खोलू नका."

"कारन सांग."

कारण माझ्या ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात ते हसले. "का गाडीले ताईत बांधू, मिस्त्री? तुमी तं सोडले ना सगये देवधर्म? मंग तोंड असं काहून झालं?"

त्या हसण्याने माझं तोंड बंद झालं. मला आजही त्याची लाज वाटते. लोकांच्या लिंबू-मिरच्या तोडून फेकणारा मी, एका मालकासमोर हे बोललो तर उद्या सगळ्या अमरावतीत काय होईल, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं. मी खाली पाहिलं.

"शेषराव, काढ गाडी," खुशालराव म्हणाले. "अकोल्याले रामराव मिस्त्रीकडं ने. तो करन."

ट्रक पाच ठोके देत, सहावा गाळत, बडनेऱ्याच्या बाजूला गेला. मैनाबाई दारात आली होती.  पंचफुलाने माझा कोट खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला.

"जा हिच्यासंग," ती म्हणाली. म्हणजे बाईसोबत. "उद्या सकायी अकोल्याची पॅसेंजर हाये."

७

रामरावला मी फौजेपासून ओळखत होतो. भला माणूस, हाताने चांगला. कापूस बाजाराजवळ त्याचं मोठं आवार होतं. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. फाटकाबाहेरच मला इंजिनाचा आवाज ऐकू आला आणि माझे पाय थबकले. सहा ठोके. सारखे, गोल, एकामागून एक, मण्यांच्या माळेसारखे. असं सुंदर चालणारं इंजिन मी फार थोड्या वेळा ऐकलं आहे.

पण शेषराव कॅबिनमध्ये बसलेला होता, आणि बोलत होता.

"अवो, तू कवा आली?" बायकोला पाहून तो ओरडला. "मिस्त्री, पाहा! कशी झोका घेतल्यावानी चालून राहिली!"

मैनाबाईने एकदम खाली बसून तोंडाला पदर लावला. मलाही वाटलं, संपलं. सगळा आपल्या मनाचा खेळ होता.

"काय केलं?" मी रामरावला विचारलं.

"खरं सांगू का, काईच नाई. तिसऱ्याचं नोझल काढलं, पुसलं, लावलं. चालू केली तं सहाच्या सहा." तो हसला. "हाताचा गुन म्हन."

मग त्याने पुढे होऊन इंजिन बंद केलं.

शेषराव तेव्हा कॅबिनमधून उतरत होता. एक पाय पायरीवर, एक हवेत. तो पाय जमिनीला लागलाच नाही. खांद्यावरून पोतं टाकावं तसा तो आडवा पडला. मी धावलो. डोळे उघडे. छाती हलत नव्हती. हात गार नव्हता आणि गरमही नव्हता, भर उन्हात टिनाखालच्या सावलीत एखादी वस्तू पडून राहावी, तितकाच.

"ऊन लागलं!" रामराव ओरडला. "पानी आना!"

"इंजिन चालू करा," मैनाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "चालू करा भाऊ."

मीच केलं. पहिल्या ठोक्याबरोबर शेषराव उठून बसला. कालपर्यंत इंजिन बंद असलं तरी तो हिंडत-बोलत होता; आता तिसरा इंजिनाला मिळाला होता, आणि इंजिन चालेल तेवढाच हा चालणार होता. "ठेचकायलो वाटते," तो म्हणाला आणि गुडघा झाडू लागला.

मी रामरावला डॉक्टर आणायला पाठवलं. तो धावतच गेला. मग मी मैनाबाईला सांगितलं, मला इंजिन बंद करावं लागेल. जो बिघाड होता तो परत घालून पाहतो.

"किती वेय?"

"अर्धा घंटा."

तिने शेषरावला गाडीच्या सावलीत बसायला लावलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो म्हणत होता, "चारचौघांत हे काय लावलं?" मी इंजिन बंद केलं. तिने त्याच्या उघड्या डोळ्यांवर पदर झाकला, धूळ जाऊ नये म्हणून.

बावीस वर्षं मी इंजिनातले बिघाड काढत आलो होतो. बिघाड परत कसा घालायचा, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. रामरावच्या भंगारातून एक झिजलेलं, गळकं नोझल घेतलं, ज्याच्यावर कुठलंही इंजिन नीट चाललं नसतं. ते तिसऱ्याला लावलं. चालू केलं. सहाच्या सहा ठोके, स्वच्छ. शेषराव उठला, पण लगेच नाही. मी दहा मोजले तेव्हा उठला.

पुन्हा बंद केलं. पंपाची सेटिंग बिघडवली, टॅपेट सैल सोडलं. चालू केलं. सहाच्या सहा. टॅपेटचा खडखडाट यायला हवा होता, तोही येत नव्हता. इंजिनाला आता काहीही चालत होतं. शेषराव मात्र उठत नव्हता. मी मोजत राहिलो. मैनाबाई माझ्या ओठांकडे बघत होती, मी कितीवर आलो ते तिला हवं होतं. एकसष्टला त्याची बोटं हलली.

मी तिसऱ्यांदा बंद करण्यासाठी हात पुढे केला, आणि तिने माझं मनगट धरलं.

"बस," ती म्हणाली.

 इंजिन चालत होतं. शेषराव उठून अंग झाडत होता आणि पोटात भूक असल्याचं कुणाला तरी सांगत होता.

"टाकीत तेल किती हाये?" तिने विचारलं.

"अर्धी असन."

"भरता येते का? गाडी चालू असताना?"

"येते."

मी रामरावच्या पिंपातून डबे भरभरून टाकी भरली. आणखी दोन डबे मागे दोरीने बांधून दिले. घाईत तेल सांडत होतं. शेषराव कौतुकाने पाहत होता. "मालकाकडंच न्याची ना?"

"चाला तुमी," मैनाबाई कॅबिनमध्ये चढत म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्या गाडीत बसत असावी, पाय कुठे ठेवायचा ते तिला कळत नव्हतं. "मी सांगतो कुठं जाचं थे."

रामराव डॉक्टरला घेऊन आला तेव्हा आवारात फक्त जमिनीवर तेलाचा डाग होता. मी त्याला सांगितलं, बरं वाटलं म्हणून गेले. त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "देवमन, तुलेच ऊन लागलं का?" तो म्हणाला.

८

खुशालरावांनी फिर्याद दिली. पोलीस माझ्याकडे दोनदा आले. मी सांगितलं, अकोल्याहून निघाले तेवढं पाहिलं, पुढचं मला माहीत नाही. ते खोटं नव्हतं.

मग गोष्टी कानावर यायला लागल्या. कारंज्याच्या एका ड्रायव्हरने तो ट्रक पाहिला होता, रस्त्याकडेला उभा, इंजिन चालू, आणि बाई दगडांच्या चुलीवर भाकरी टाकत होती. दर्यापूरच्या एका डिझेलवाल्याने सांगितलं, बाई स्वतः डबे घेऊन येते, गाडी बंद करा म्हटलं तर भांडायला उठते. बाईने हातातल्या पाटल्या विकल्याचंही कुणीतरी बोललं. चांदूरला त्यांच्या घराला कुलूप होतं.

मी रात्री पडलो की हिशेबच लागायचा नाही. इंजिन कितीही चांगलं असलं तरी ते लोखंड आहे. त्याला ऑइल बदलावं लागतं, आणि ऑइल बदलायला ते बंद करावं लागतं. बेल्ट तुटतो. पाण्याची नळी फुटते. हे मी मैनाबाईला सांगायला हवं होतं. पंचफुला म्हणायची, तिला ते ठाऊक आहे.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. एका शेतकऱ्याचा पाण्याचा पंप दुरुस्त करून मी वलगावच्या रस्त्याने सायकलवर येत होतो. दुपारची वेळ, दोन्ही बाजूंना कापसाची कंबरभर पऱ्हाटी, रस्ता मोकळा. समोरून ट्रक येताना दिसला. आधी मी ओळखला नाही, कारण त्याचं बॉनेट काढून टाकलेलं होतं. उघडं इंजिन काळं, तेलकट, वाफाळत होतं. ठिकठिकाणी चिंध्या आणि तार गुंडाळलेली होती.

मी सायकलवरून उतरलो आणि हात वर केला.

शेषरावने मला ओळखलं. त्याचा चेहरा उजळला. त्याने हात हलवला, मान बाहेर काढली आणि काहीतरी ओरडून सांगू लागला. वजन उतरलं होतं, दाढी वाढली होती, पण हसणं तेच. ट्रक थांबला नाही, फक्त हळू झाला.

मैनाबाई त्याच्या शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याच्याकडेही नाही. पुढे वाकून, मान तिरकी करून, एक कान इंजिनाच्या बाजूला धरून ती बसली होती, आणि डोळे मिटलेले होते. मी वाकून इंजिन ऐकतो तेव्हा असाच बसतो.

ट्रक माझ्या अगदी जवळून गेला. शेषराव बोलतच होता. तेवढ्यात इंजिनाने एक बारीकसा आचका दिला, असा मला भास झाला. मैनाबाईने डोळे न उघडता हात पुढे केला आणि इंजिन ऐकू यावं म्हणून नवऱ्याच्या तोंडावर ठेवला.